टेलिपोर्ट की टांगा?

गेममध्ये एका क्लिकवर डोंगर ओलांडता येतो. मग पायी चालणारे हे वेडे कोण? ‘फास्ट ट्रॅव्हल’च्या निमित्तानं, रस्त्यात हरवलेल्या गोष्टींची ही शोधाशोध...

तुमच्याकडे एक तलवार आहे. ती डोंगरापलीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला पोचवायचीय. मध्ये नदी, जंगल आणि दोन-चार उपाशी लांडगे. पर्याय दोन. एक, मॅप उघडा, गावाच्या चिन्हावर क्लिक करा, तीन सेकंद काळा स्क्रीन आणि... पोचलात! दोन, चालत सुटा. पंधरा-वीस मिनिटं लागतील, वाटेत पाऊस येईल, लांडगे पाठी लागतील, एखादवेळेस रस्ताही चुकेल.

आता सांगा, आठ वाजता ऑफिसमधून निघालेला, दहा वाजता जेवून कन्सोल सुरू केलेला आणि उद्या सकाळी ७.४२ ची लोकल पकडायची असलेला माणूस काय निवडेल? डोकं खाजवायची गरजच नाही. क्लिक!

पण मंडळी, हीच ती क्लिक, जिच्यावरून गेमर्सच्या कट्ट्यावर गेली वीसेक वर्षं कडाक्याची भांडणं चाललीयत. विषय आहे ‘फास्ट ट्रॅव्हल’. ज्यांचा या दुनियेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा असा, की ‘ओपन वर्ल्ड आरपीजी’ म्हणजे एक आख्खा देश तुमच्या ताब्यात देणारा गेम. तुम्ही एक पात्र बनता, कुठंही फिरता, कामं घेता, लढता, घर बांधता, लग्नही करता. त्या देशात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झटक्यात पोचायची सोय म्हणजे फास्ट ट्रॅव्हल. भांडण एवढंच, की अशी उडी मारत फिरलात तर तुम्ही त्या देशात राहिलात, की नुसते त्याच्या नकाशावर बोट फिरवत बसलात?

मी चालणाऱ्यांच्या पार्टीतली. पक्की. पण माझा कॉलेजचा एक मित्र एकदम दुसऱ्या टोकाचा. तो ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, घरी दीड वर्षाची मुलगी. ती झोपली की त्याला रोज पाऊण तास मिळतो, तोही ती मध्येच उठली नाही तर. त्याचं म्हणणं, या पाऊण तासात मी घोड्यावर बसून झाडं बघू की गोष्ट पुढं नेऊ? या प्रश्नाला ‘तुला कळत नाही रे’ हे उत्तर चालत नाही. म्हणून म्हटलं, हे सगळं प्रकरण एकदा नीट मुळापासून बघू या.

ब्रिटनएवढा नकाशा

पहिली गोष्ट, फास्ट ट्रॅव्हल हे हल्लीच्या आळशी पिढीचं फॅड आहे, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. १९९६ साली बेथेस्डा कंपनीचा ‘द एल्डर स्क्रोल्स २ : डॅगरफॉल’ आला. त्याच्या जगाचा आकार ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचं सांगितलं जायचं. गावं, शहरं, देवळं, तळघरं मिळून ठिकाणं पंधरा हजारांच्या घरात. एवढं जग कुणी हातानं सजवणार थोडंच? बरंचसं कॉम्प्युटरनं आपलं आपण तयार केलेलं. दोन गावांच्या मध्ये मैलोन्‌मैल मोकळं रान. तिथं पायी निघालात तर खऱ्या घड्याळातले तासन्‌तास जातील आणि हाती काही लागणार नाही.

म्हणजे फास्ट ट्रॅव्हल तिथं चैन नव्हती, गरज होती. पण गंमत बघा, डॅगरफॉलमधली ती उडी फुकटची नव्हती. आधी गेम तुम्हाला विचारायचा, जपून जाणार की धडाधड? मुक्काम खानावळीत करणार की उघड्यावर? पायी की जहाजानं? जपून गेलात तर दिवस जास्त लागायचे, खानावळीत राहिलात तर पैसे जायचे. आणि बऱ्याच कामांना मुदत असायची, त्यामुळे हा हिशोब खरोखरचा हिशोब होता. आपण गावी जाताना एसटी की ट्रेन, रात्रीची की पहाटेची, असा विचार करतो ना? अगदी तस्सं. चालणं गाळलं होतं, पण प्रवास गाळला नव्हता.

किड्याच्या पोटात बसून

त्यानंतर २००२ मध्ये आला ‘मॉरोविंड’. तेव्हा मी बालवाडीत होते, त्यामुळे खेळले ते खूप नंतर. आजच्या नजरेला ग्राफिक्स म्हणजे खडबडीत पुठ्ठा! पण प्रवासाच्या बाबतीत या गेमला आजही तोड नाही, असं माझं ठाम मत आहे.

मॉरोविंडमध्ये ‘मॅप उघडा, क्लिक करा’ हा प्रकारच नाही. मग जायचं कसं? तिथं ‘सिल्ट स्ट्रायडर’ नावाचे घराएवढे उंच, लांब पायांचे किडे आहेत. त्यांची पाठ पोखरून बसायची जागा केलेली असते. हाकणारा पैसे घेतो आणि तुम्हाला ठरलेल्याच गावांना सोडतो. किनाऱ्यावरच्या गावांना बोटी आहेत. जादूगारांच्या संघाची शाखा असलेल्या शहरांमध्ये, पैसे मोजलेत तर एका शाखेतून थेट दुसऱ्या शाखेत पाठवणारे लोक आहेत. शिवाय एका जागी खूण करून नंतर तिथंच परत आणणारा मंत्र आहे, जवळच्या देवळात नेऊन टाकणारा आणखी एक.

याचा परिणाम काय? तुम्हाला रूट पाठ करावे लागतात. इथून किड्यानं त्या गावाला, तिथून चालत बंदरावर, बंदरावरून बोट. मुंबईकराला हे शिकवायला लागत नाही. ‘दादरला उतर, ब्रिज चढ, सेंट्रल पकड’ हे ज्याच्या रक्तात आहे तो मॉरोविंडच्या बेटावर दोन दिवसांत रुळतो. आणि एकदा रुळलात की ते बेट तुमचं होतं. नकाशा खिशात नाही, डोक्यात बसतो.

त्यात कामं देणारी माणसं पत्ता सांगतात, तोही आपल्याकडे सांगतात तस्सा. पुलापलीकडे जा, रस्ता फुटेल तिथं डावीकडे वळ, टेकडी दिसली की तिच्या मागं. स्क्रीनवर बाण नाही की ठिपका नाही. कधी कधी सांगणाराच मोघम बोलतो आणि तुम्ही अर्धा तास भलत्याच दरीत भटकता. त्या भटकण्यातच एखादी अशी गुहा सापडते, की मूळ काम राहतं बाजूला!

या गेममधला एक प्रसंग तर मी प्रत्येकाला सांगते. खेळ सुरू होतो सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या खेड्यात. पहिलं काम बॅल्मोरा शहरात जायचं. खेड्याबाहेरच किडा उभा आहे, काही नाणी टाका आणि पोचा. पण चालत निघालात तर? थोड्याच अंतरावर आकाशातून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार धप्पकन तुमच्यासमोर पडून मरतो. त्याच्याकडे त्याची वही असते आणि त्यानंच शोधलेल्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या. मंत्र म्हारला, की काही सेकंद तुम्ही अशी उंच उडी मारता, की अर्धं बेट पार! फक्त एक बारीकशी अडचण. जमिनीवर यायच्या आत मंत्र संपतो. पुढचं समोरच पडलेलं आहे.

झटपट पोचायच्या नादात जीव गमावलेला माणूस, आणि तो भेटतो कुणाला? चालत जाणाऱ्याला! किड्यानं गेलेल्याला तो प्रसंग घडला हेच कळत नाही. या वादावर याहून फक्कड टिप्पणी मी आजवर कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही.

बाण आला, पत्ता गेला

मग २००६ मध्ये आला ‘ऑब्लिव्हियन’ आणि चित्र पालटलं. मोठी शहरं पहिल्यापासूनच मॅपवर उघडी. क्लिक करा, जा. वर कंपास आणि त्यावर बाण, कुठं जायचं ते दाखवणारा. २०११ च्या ‘स्कायरिम’नं यात थोडी शिस्त आणली. ज्या जागी तुम्ही एकदा स्वतः जाऊन आलात, तिथंच उडी मारता येते. पण बाण राहिला. आणि माझ्या मते खरी मेख फास्ट ट्रॅव्हलमध्ये नाही, या बाणात आहे.

कसं ते बघा. बाण आहे म्हटल्यावर पत्ता सांगायची गरज संपली. त्यातून ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक पात्राचा प्रत्येक संवाद आवाजात रेकॉर्ड झालेला. लांबलचक पत्ते बोलून घेणं म्हणजे खर्चही आणि कटकटही. त्यामुळे स्कायरिममधला माणूस तुम्हाला ‘माझी तलवार अमुक गुहेत आहे’ एवढं सांगून गप्प होतो. गुहा कुठं? बाण बघा! उद्या तुम्ही बाण बंद करून जुन्या पद्धतीनं खेळायचं ठरवलंत, तरी बरेचदा जमत नाही, कारण पत्ता कुणी सांगितलेलाच नसतो. खुणेचं झाड, फुटका पूल, वळणावरची मूर्ती हे सगळं रस्त्यावर आहे, पण तुम्हाला त्याची गरज उरलेली नाही. आपण गूगल मॅप्स लावून दहा वेळा गेलेल्या मित्राच्या घराचा रस्ता अकराव्या वेळीही सांगू शकत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आणि एकदा रस्त्याची गरज संपली, की रस्ता हा नुसता उशीर होतो. उशीर कुणाला हवाय? म्हणून मग क्लिक. म्हणजे बाण रस्ता मारतो आणि फास्ट ट्रॅव्हल त्याचे अंत्यसंस्कार करतं, असा सगळा मामला आहे.

नॅशनल पार्कपेक्षा छोटा देश

आता एक आकडा ऐका. स्कायरिमचा सगळा देश, बर्फाचे डोंगर, जंगलं, पाच मोठी शहरं, सगळं मिळून साधारण ४० चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभरच्या वर आहे. म्हणजे तो आख्खा देश नॅशनल पार्कात दोनदा मावेल! मग खेळताना तो एवढा अफाट का वाटतो?

कारण तुम्ही तो पायांनी मोजता. मध्ये डोंगर आडवा घातला की वळसा घालावा लागतो. गेममधलं घड्याळ खऱ्यापेक्षा वीसपट पळतं, त्यामुळे आपल्या ७२ मिनिटांत तिथला एक आख्खा दिवस होतो. दुपारी निघालेला माणूस पुढच्या गावात पोचतो तोवर चांदण्या आलेल्या असतात. ‘दिवसभर चाललो’ ही भावना पंधरा-वीस मिनिटांत तयार करायची ही सॉलिड आयडिया आहे. क्लिक केलंत की ही सगळी जादू उतरते आणि देश पुन्हा नॅशनल पार्कापेक्षा छोटा होतो. नकाशाचा आकार कंपनी ठरवते. पण देशाचा आकार तुमच्या पायांवर ठरतो!

हे मला सगळ्यात जास्त कळलं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. लोकल बंद, सोसायटीचं गेट बंद, चारशे स्क्वेअर फुटांत चौघं माणसं. कामंही थांबलेली. रोज रात्री हेडफोन लावून मी स्कायरिममध्ये चालायला जायचे. हो, चालायला. लढाई-बिढाई काही नाही. एकदा देशाच्या पश्चिम टोकाच्या मार्कार्थहून आग्नेयेच्या रिफ्टनपर्यंत पायी गेले, आख्खी संध्याकाळ गेली. रात्रीच्या रस्त्यावर एक मुंडकं नसलेला घोडेस्वार बाजूनं गेला. त्याच्या मागं मागं गेलं तर तो एका जुन्या स्मशानाशी नेऊन सोडतो. हाय ह्रोथगार नावाच्या मठाकडे सात हजार पायऱ्यांचा डोंगर आहे. पायऱ्या मोजल्या तर तेवढ्या भरत नाहीत, पण वाटेत दहा शिळा आहेत. त्या दहाही थांबून वाचल्या की काही काळ रानातले प्राणी तुमच्यावर हल्ला करत नाहीत. धावत वर गेलेल्याला हे बक्षीस मिळत नाही. थांबणाऱ्याला मिळतं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती, आठवतंय? आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी दुसरा इलाजच नव्हता आणि सगळ्यांनी तो समजून घेतला. पादुका पोचल्या. पण टीव्हीवर ते बघताना माझी आजी म्हणाली, यंदा दर्शन झालं, वारी नाही झाली. फास्ट ट्रॅव्हलच्या वादावर मी पानंच्या पानं वाचलीयत, पण आजीच्या त्या वाक्यापुढं जाणारं काही सापडलेलं नाही. आणि आजीला कन्सोल म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही!

प्रवास बोअर का होतो?

आता जरा बनवणाऱ्यांचं ऐकू. जपानच्या कॅपकॉमचा ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ मार्च २०२४ मध्ये आला. त्याचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी गेम यायच्या आधीच एका मुलाखतीत थेट भूमिका घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की प्रवास मुळात कंटाळवाणा नसतो, तुमचा गेम कंटाळवाणा असला की तो तसा होतो. म्हणजे फास्ट ट्रॅव्हलची भीक मागणारा खेळाडू आळशी नाही, रस्ता बनवणारा कमी पडला!

बोललं तसं त्यांनी करूनही दाखवलं. या गेममध्ये उडी मारायला ‘फेरीस्टोन’ नावाचा दगड लागतो, तो दुकानात दहा हजार सोन्याच्या नाण्यांना. सुरुवातीला तेवढ्या पैशांत बऱ्यापैकी हत्यार येतं. स्वस्तातला पर्याय म्हणजे बैलगाडी. गाडीत बसा, डुलकी काढा, पोचा. पण कधी कधी डुलकीतून जाग येते ती राक्षसांच्या आरडाओरड्यानं, आणि भांडणात गाडी मोडली तर उरलेला रस्ता पायी. रात्र झाली की खरोखरचा मिट्ट काळोख, कंदिलात तेल आहे का ते बघा! बैलगाडीत बसताना पोटात जो बारीक गोळा येतो, तो कुठल्याही क्लिकनं येत नाही.

मात्र इथं एक गडबड झाली, तीही सांगायलाच हवी. गेम बाजारात आला त्याच दिवशी लोकांच्या लक्षात आलं, की उडी मारून उतरायची जागा ठरवणारा ‘पोर्टक्रिस्टल’ कंपनी खऱ्या पैशांना वेगळा विकतेय. तो खेळताखेळता गेममध्येही मिळायचा, अगदी खरं. पण लोक भडकलेच. एका हातानं रस्ता लांब करायचा आणि दुसऱ्या हातानं शॉर्टकट विकायचा, हे बरं दिसत नाही. चालणाऱ्यांच्या पार्टीनं हा धोका लक्षात ठेवलेला बरा. ‘प्रवास अनुभवा’ या गोड वाक्यामागं गल्ला असू शकतो.

शिवाय रस्ता म्हणजे गच्च भरलेला रस्ता असंही नाही. २०१५ चा पोलंडचा ‘द विचर ३’ माझा लाडका. त्यात गावागावांत लाकडी पाट्या आहेत आणि उडी फक्त एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंतच मारता येते. म्हणजे आधी स्टॉपपर्यंत चालत जा. कल्पना मस्त! पण त्याच गेमच्या मॅपवर प्रश्नचिन्हांचा सडा पडलेला असतो. स्केलिगेच्या समुद्रात तर विचारू नका. होडीनं या चिन्हाकडून त्या चिन्हाकडे जायचं, पाण्यातल्या पेट्या उघडायच्या, टिकमार्क करायचा. वाटेत काहीतरी ‘सापडणं’ आणि यादीतलं काहीतरी ‘उरकणं’ यात फरक आहे. दुसरं म्हणजे एक्सेल शीट झालं, आणि ती आपण दिवसभर ऑफिसात भरतोच की!

आणि अगदी पलीकडचं टोक बघायचं तर २०२३ चा ‘स्टारफील्ड’. हजाराच्या वर ग्रह, पण एका ग्रहावरून उठून दुसऱ्यावर जायचं ते बहुतेक मेनूतून. जहाज आहे, अवकाश आहे, पण मधलं अंतरच नाही. त्यावर बरीच टीका झाली ती याच मुद्द्यावर. हजार ग्रह मिळूनही लोकांना जग छोटं वाटलं!

चावी उशिरा द्या

मग मधला मार्ग आहे का? आहे, आणि तो २०११ मध्येच सापडला होता. ‘डार्क सोल्स’ नावाच्या जपानी गेमनं काय केलं? जवळजवळ अर्धा खेळ फास्ट ट्रॅव्हल दिलंच नाही. त्याऐवजी जग असं उभंआडवं विणलं, की तुम्ही तासभर मरतमरत पुढं जाता, एका पडक्या चर्चपाशी लिफ्ट सापडते, भीतभीत खाली येता... आणि दार उघडतं ते थेट तुमच्या सुरुवातीच्या शेकोटीपाशी! अरेच्चा, म्हणजे आपण एवढा वेळ घराच्या डोक्यावरच होतो? हा शॉर्टकट तुम्ही कमावलेला असतो. पुढं खूप उशिरा, लॉर्डव्हेसल नावाचं भांडं मिळाल्यावर गेम उडी मारायची परवानगी देतो. तोवर रस्ता पाठ झालेला असतो, त्यामुळे ती उडी चोरी वाटत नाही, बढती वाटते.

ऑनलाइन गेम्समध्ये तर हा प्रश्न एकट्याचा राहतच नाही. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये गरुडसिंहाच्या पाठीवर बसून ठरलेल्या मार्गानं उडता यायचं. पोचायला काही मिनिटं लागायची, खाली अनोळखी प्रदेश दिसायचे, लोक तेवढ्यात चहा टाकून यायचे. २००७ पासून प्रत्येकाला स्वतःचं उडतं वाहन मिळू लागलं. सोय झाली, पण रस्त्यावरची वर्दळ आटली. जो तो आपापल्या उंचीवर! पुढं २०१४ मध्ये नव्या प्रदेशात उडणं बंद ठेवून बघितलं, तर खेळाडूंनी असा काही गोंधळ घातला, की पुढच्याच वर्षी अटी घालून ते परत द्यावं लागलं. एकदा दिलेली सोय काढून घेता येत नाही, हे टोल नाक्यापासून गेमपर्यंत सगळीकडे सारखंच.

मित्राची बाजू

हे सगळं मी माझ्या ऐरोलीच्या मित्राला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे सगळं ठीक आहे, पण ‘द विचर ३’ची नुसती मुख्य गोष्टच पन्नासेक तासांची. रोजचा पाऊण तास धर. फास्ट ट्रॅव्हल करूनही मला दोन महिने लागले. चालत गेलो असतो तर मुलगी शाळेत गेली असती!

हसू आलं, पण मुद्दा खोटा नाही. इमर्शन, म्हणजे त्या जगात पार बुडून जाणं, याला वेळ लागतो आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. लॉकडाऊनमध्ये मला रात्र मोकळी होती म्हणून मी आख्खा देश पायी फिरले. त्याला ती चैन परवडत नाही. शिवाय ज्यांची मनगटं दुखतात, जे फार वेळ कंट्रोलर धरू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ही उडी म्हणजे आळस नाही, तो खेळ खेळता येण्याची अटच आहे. ‘खरा गेमर चालतो’ असली शेखी मिरवणाऱ्यांना म्हणूनच माझा सक्त विरोध आहे.

पण मग मी त्याला एकच विचारलं, त्या दोन महिन्यांतलं तुला काय आठवतं? तो विचारात पडला. मोठ्या लढाया, गोष्टीतले धक्के त्याला धड सांगता येईनात. मग म्हणाला, एकदा मुलीला मांडीवर घेऊन खेळत होतो. ती झोपतच नव्हती म्हणून नुसता घोडा सोडला होता. रस्ता धरला की तो घोडा आपला आपण चालतो. पाऊस पडत होता, झाडं हलत होती. तीही बघत राहिली आणि झोपली. मी तसाच अर्धा तास फिरवत होतो.

मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. वाद तिथंच मिटला असं नाही, पण दोघांनाही कळायचं ते कळलं. तो आजही सोमवार ते शुक्रवार क्लिक करतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

खरं तर हल्लीचे काही गेम्स या दोघांनाही सांभाळून घेतात. २०१८ च्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’चंच बघा. गोष्ट १४०३ सालच्या बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली. त्यात फास्ट ट्रॅव्हल केलंत की नकाशावर तुमची छोटीशी बाहुली रस्त्यानं चालताना दिसते. वेळ जातो, भूक लागते, मध्येच दरोडेखोर अडवतात. चालणं मिनिटाभरात आटपतं, पण प्रवासाची किंमत मोजावीच लागते. १९९६ च्या डॅगरफॉलचाच हा शहाणा नातू! ज्यांना आणखी खाज आहे त्यांच्यासाठी त्याचा हार्डकोअर मोड आहे. त्यात उडी नाही, कंपास नाही, नकाशावर ‘तुम्ही इथे आहात’ हेसुद्धा नाही. सूर्य बघा आणि चाला.

चौकट : या वीकएण्डला चालून बघा!

मुळापासून बदल नको, पाच छोटे नियम पुरे.

१. पहिली खेप पायी. नव्या गावाला पहिल्यांदा जाताना क्लिक नाही. परतीला खुश्शाल मारा उडी.

२. स्टॉपवरूनच निघा. भर जंगलातून किंवा गुहेच्या तळातून उडी मारायची नाही. स्कायरिममध्ये मोठ्या शहरांबाहेर घोडागाडी उभी असते, मोठ्या शहराला २० नाणी. गाडीवान जायच्या गावाबद्दल दोन शब्द बोलतोही!

३. छोटा नकाशा बंद. ‘द विचर ३’मध्ये तो सेटिंग्जमधून काढता येतो. पहिली दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटेल, मग पाट्या वाचायला लागाल.

४. कडक हवं असेल तर कडक मोड घ्या. स्कायरिमच्या सर्व्हायव्हल मोडमध्ये भूक, थकवा, थंडी येते आणि फास्ट ट्रॅव्हल जातं. ‘फॉलआउट ४’च्या सर्व्हायव्हल मोडमध्ये तर गेम सेव्ह करायलाही अंथरूण शोधून झोपावं लागतं. २०१९ च्या ‘आउटवर्ड’मध्ये ही सोय मुळातच नाही, पाठीवर पिशवी आणि रस्ता.

५. वार ठरवा. सोमवार ते शुक्रवार उडी, शनिवारी चाल. दोन्ही पार्ट्या खूश!

शेवटी काय, गेममधला असो की बाहेरचा, रस्ता हा दोन कामांमधला फुकट गेलेला वेळ आहे, असं आपल्याला रोज सांगितलं जातं. दहा मिनिटांत किराणा, एका टॅपवर टॅक्सी, दीडपट वेगानं ऐकायचे पॉडकास्ट. यातलं बरंचसं मीही वापरते आणि वापरणारच. ऑफिसचा प्रवास कुणी तीन सेकंदांच्या काळ्या स्क्रीनमध्ये बसवून दिला तर ७.४२ च्या गर्दीतला एकही माणूस नाही म्हणणार नाही. मी तर रांगेत पहिली उभी राहीन!

पण गेम हे काही काम नाही. तिथं आपण पोचायला जात नाही, असायला जातो. म्हातारा तलवारीची वाट बघत कितीही दिवस तसाच उभा राहील, त्याला घाई नाही. घाई आपल्याला आहे, आणि ती आपण ऑफिसच्या बॅगेतून घरी घेऊन येतो. निदान त्या लांडग्यांच्या जंगलात शिरताना तरी ती दाराबाहेर काढून ठेवायला काय हरकत आहे?